डावं-उजवं

विचारतोस कसे आहेत, तर ऐक, जमीर :
जड आहेत.
अर्धा किलो चुंबक डोक्यावर घेतल्यावर
मान आपोआप दाद देत झुकते,
गाणं कसंही असो.

वजदी नावाचा इजिप्शियन इथून कायमचा गेला,
सोफा, सायकल, कुकर सगळं विकून.
हे मात्र हातात देताना तीनदा पुसले त्याने.
एकशे चाळीस रियाल. आकडा घरी सांगू नकोस.

आत कागदी शंकू नाही.
कांद्याच्या सालीहून पातळ असा एक पापुद्रा ताणलेला,
त्यावर धातूची नागमोडी रेघ,
दोन्ही बाजूंनी चुंबकांच्या रांगा.
फुंकर घातली की दुधावरची साय हलते ना,
सगळी एकदम, तसं.
बेस धक्का मारत नाही,
येतो, बसतो, दुसऱ्यालाही जागा करून देतो.
तबल्यावर आधी बोट, मग शाई, मग घुमारा,
तिघांची खबर वेगवेगळी.

पाठ उघडी असते यांची. जाळीतून सगळं आत येतं :
एसीची घरघर, शिनोजची कढई,
बंदरावरच्या क्रेनचा भोंगा.
म्हणून रात्री अकराला एसी बंद करतो.
सोहारचा ऑगस्ट भिंतीतून आत यायला
बारा मिनिटं लागतात.
तेवढीच बैठक.
मग गाद्या कानाला चिकटतात
आणि मखमल ओल्या बकऱ्यासारखी वास मारते.
(हे वजदीने सांगितलं नव्हतं.)

पहिल्याच रात्री ती टेप लावली,
बुधगावच्या बाईंची, सत्त्याऐंशी सालची,
तू मागे उतरवून पाठवलेली.
आ करण्याआधी बाई बांगड्या मागे सारतात,
ऐकलंयस कधी?
कुणीतरी पानाचा डबा मिटतं,
उजवीकडे, दोन हातांवर.
मी वळून पाहिलं.
कपाट. इस्त्रीचे कपडे.

आणि तंबोरे.
उजवीकडचा कुणाचा माहीत नाही,
मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा उठला.
डावीकडचा आपला, फोटोत मोर दिसतो तो.
बोलला, पण झाकण ठेवून.

जवारी चुकलेली.
केसभर घासायचं, सूत सरकवायचं, कान लावायचा,
पुन्हा केसभर,
एका घोडीपायी दोन दोन दिवस जेवण विसरणारे अब्बा.
त्यांची जवारी.
इतकी वर्षं गिऱ्हाइकं भिडेखातर गप्प बसली का?
तुला फोन लावला
आणि मिरजेत कांदा काय भाव ते विचारलं.

मंगळवारी प्लांटवर कानांची तपासणी होती.
मारिविक सिस्टरने काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं.
नंतर कागद माझ्याकडे फिरवला :
उजवी रेघ सपाट,
डावी चार हजारावर विहिरीत उतरलेली.
एकोणीस वर्षं कॉम्प्रेसर
माझ्या डाव्या हाताला आहे.

त्या रात्री एसी बंद केला
आणि हेडफोन उलटे घातले.
आम्ही कामावर हेच करतो,
दोन सेन्सर अदलाबदल करायचे,
दोष पाइपात आहे की काट्यात ते कळतं.

अब्बांचा तंबोरा उजव्या कानात आला
आणि उघडला.
खर्जाच्या पोटातून गंधार निघाला,
कुणी न छेडलेला.
डावीकडे तो दुसरा, परवाचा राजा,
मुकाट झाकणाखाली गेला.

बारा मिनिटं झाली, वीस झाली,
बनियन पाठीला चिकटलं.
शिनोजने दार वाजवून विचारलं, एसी बिघडला का.
नाही म्हटलं.

तर माझं मत :
मिळाले तर घे. केबल आखूड आहे,
गादीला सुती कापड शिवून घे.
मी अजून उलटेच घालतो.